खरा अशोक
(महोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



महोत्सवानिमित्त शाळेच्या आवारात झाडे लावावयाची आहेत, तेव्हा शास्त्रशिक्षक या नात्याने आम्ही चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा झाली. आरंभीच एक कबुली दिली पाहिजे.

फाटकापासून इमारतीपर्यंत उंच, सरळ झाडांची जी रांग आहे, तिला आम्ही कित्येक वर्षे वर्गात ‘अशोक’ म्हणत आलो. गेल्या फाल्गुनात खानापूरकडील एका विद्यार्थ्याने केशरी फुलांचा झुबका टेबलावर ठेवून विचारले, “सर, आमच्या ओढ्याकाठी याला अशोक म्हणतात. मग शाळेतला कोण?” आम्ही त्याला गप्प बसविले. रात्री पुस्तक उघडले, तो मुलाचेच खरे! दुसऱ्या दिवशी वर्गासमोर आम्ही आमची चूक सांगितली.

आपली रांग सीताफळाच्या कुळातली. तिची पाने साधी, कडा नागमोडी, फुले हिरवट. खरा अशोक, म्हणजे सीतेचा अशोक, हा ‘सराका’ प्रजातीतला, शेंगांच्या कुळातला सदाहरित वृक्ष. सह्याद्रीत ओढ्याकाठच्या सावलीत तो वाढतो. पान संयुक्त, कोवळी पालवी तांबूस व खाली लोंबणारी. फुलाला पाकळ्या नसतातच. रंग दिसतो तो निदलपुंजाचा, आधी पिवळा-केशरी, मग लाल. रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाने संस्कृतचे पंडित विल्यम जोन्स यांच्या सन्मानार्थ त्याला ‘जोनेसिया’ म्हटले होते. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त मालविकेच्या पायाच्या स्पर्शाने फुलणारा अशोक तो हाच.

परंतु प्रश्न केवळ नावाचा नाही. अशोकारिष्टासाठी याची साल लागते. खोडाभोवतीची साल पूर्ण सोलली, की पानांत तयार झालेले अन्न मुळांपर्यंत पोचत नाही व झाड वाळते. १९९८ साली निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघाने हा वृक्ष संकटग्रस्तांच्या यादीत घातला. खरी साल दुर्मिळ झाली, तशी आपल्या रांगेतल्या झाडाची साल तिच्या नावाने विकली जाऊ लागली. अम्मीच्या आजारपणात आम्हीही बाजारातून सालीची पुडी आणली होती. ती कोणत्या झाडाची होती, हे आज कोण सांगणार? चुकीच्या नावाची किंमत अशी आयाबहिणींना मोजावी लागते.

म्हणून आमची सूचना अशी : जुनी रांग तोडू नये; तिने आपल्याला सावली दिली आहे. विहिरीजवळच्या ओलसर, सावलीच्या जागी खरे अशोक लावावेत. रोपे रोपवाटिकेतून आणावीत, रानातून उपटू नयेत. फुले यावयास काही वर्षे लागतील; तोवर पाणी घालण्याचे काम आमच्या वर्गाकडे द्यावे.

आणि झाडाशेजारी नावाची पाटी लागेल, तिच्यावरील अक्षरे त्या खानापूरच्या मुलाकडून लिहवून घ्यावीत, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.