शिक्षणाचा उपकर आणि त्याचा हिशेब



महाराष्ट्रातील शहरवासीयाच्या घरपट्टीच्या बिलात शिक्षण कराची एक ओळ असते. 1962 च्या कायद्यान्वये नगरपालिका आणि महापालिका हा उपकर राज्य सरकारसाठी वसूल करतात व सरकारी तिजोरीत भरतात. नागरिक तो निमूटपणे देतो. परंतु ती रक्कम कोणत्या शाळेच्या कोणत्या वर्गापर्यंत पोचली, हे त्याला कोणी सांगत नाही. शिक्षणाच्या अर्थव्यवहारातील कळीचा प्रश्न हाच आहे.

तो नवाही नाही. रयतेच्या घामातून उभा राहणारा महसूल वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि रयतेची मुले अक्षरालाही मुकतात, असे जोतीराव फुले यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे बजावले होते. 1911 साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. स्थानिक संस्थांनी त्यासाठी कर बसवावा आणि खर्चाचा दोनतृतीयांश भार सरकारने उचलावा, अशी त्यांची योजना होती. 1912 च्या मार्चमध्ये ते विधेयक 38 विरुद्ध 13 मतांनी फेटाळले गेले.

परके राज्य गेले; हिशेबाचा प्रश्न राहिला. 2004 साली केंद्राने प्राथमिक शिक्षणासाठी 2 टक्के उपकर बसविला. तो प्राप्तिकराप्रमाणेच उत्पादन शुल्कावरही होता. म्हणजे बाजारातील वस्तूंच्या किमतीतून त्याचा भार गरिबावरही पडला. 2007 साली माध्यमिक व उच्च शिक्षणासाठी आणखी 1 टक्का आला. प्राथमिक उपकरासाठी निदान स्वतंत्र कोष तरी निर्माण झाला. दुसऱ्यासाठी कोष उभारण्याचा निर्णय व्हायला 2017 चा ऑगस्ट उजाडला. तोवर, म्हणजे 2016-17 अखेर, या नावाने 83,497 कोटी रुपये जमा झाले होते. त्यांच्यासाठी ना कोष होता, ना योजना ठरल्या होत्या. हा ठपका विरोधी पक्षाचा नाही, महालेखापरीक्षकांचा आहे.

यातली दुसरी मेख राज्यघटनेच्या 270 व्या अनुच्छेदात आहे. केंद्रीय करांचा वाटा राज्यांना मिळतो, उपकराचा मिळत नाही. शिक्षकांच्या पगाराचा मोठा बोजा मात्र राज्यांच्याच माथी असतो. 2018 साली दोन्ही उपकरांच्या जागी आरोग्य व शिक्षण यांचा मिळून 4 टक्के उपकर आला. एकाच थैलीत दोन गरजा कोंबल्या, की कोणाच्या वाट्याला काय आले हे शोधणे अधिकच अवघड होते.

म्हणून उपकर नकोच, असे म्हणणे हा धनिकांचा युक्तिवाद झाला. कोठारी आयोगाने राष्ट्रीय उत्पन्नाच्या 6 टक्के खर्च शिक्षणावर व्हावा असे 1966 साली सांगितले; तो पैसा करांतूनच यावयाचा आहे. मात्र तो ऐपतीप्रमाणे घेतला जावा, ज्या कामासाठी घेतला त्याच कामी लागावा आणि त्याचा जमाखर्च लोकांपुढे यावा.

या हिशेबाची सुरुवात गावातूनही करता येते. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने सरकारी व स्थानिक संस्थांच्या शाळांमध्ये व्यवस्थापन समित्या आणल्या. त्यांत किमान तीनचतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि अनुदानाच्या विनियोगावर देखरेख ठेवणे हे समितीचे कर्तव्यच आहे. अनेक ठिकाणी ही समिती सह्यांपुरती उरते. कार्यकर्त्यांनी शेतमजूर आयाबायांना या समित्यांत बोलते करावे, अनुदानाचा आकडा शाळेच्या फळ्यावर लिहिण्याचा आग्रह धरावा. कर देणाऱ्याने हिशेब मागणे ही लोकशाहीची बाराखडी आहे. ती शाळेतच गिरवली जावी, हे उचितच होय.