शेवटच्या घंटेनंतरची शिस्त



शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन तुम्ही आज बाहेर पडता आहात. तुमच्यापैकी कुणी शाळेच्या मैदानावर उभे राहील, कुणी क्रीडा प्रबोधिनीत शिकवील, कुणी तालुका क्रीडा अधिकारी होईल. इतरांची मुले तुमच्या हाती येणार आहेत. म्हणून मी आज मुष्टियुद्धाविषयी, आणि त्यातही मुष्टियोद्ध्याच्या निवृत्तीविषयी बोलणार आहे.

ऑलिंपिकमधली लढत तीन राउंडची, आणि राउंड तीन मिनिटांचा. या नऊ मिनिटांसाठी पहाटेची धाव, दोरीवरच्या उड्या, शॅडो बॉक्सिंग, बॅग, पॅड आणि स्पॅरिंग हा क्रम वर्षानुवर्षे चालतो. लढतीच्या दिवशी सकाळी वजनकाट्यावर उभे राहावे लागते. काटा गटाच्या पुढे सरकला, तर ग्लोव्हज चढवण्याआधीच स्पर्धा संपते. मेरी कोम यांची पहिली पाच जगज्जेतेपदे हलक्या वजनगटांतली होती. २०१२ साली लंडन ऑलिंपिकमध्ये महिलांचा सर्वांत हलका गटच ५१ किलोंचा होता. दोन मुलांची ही आई त्या गटात उतरली, आपल्याहून उंच आणि दणकट मुलींशी लढली आणि कांस्यपदक घेऊन आली.

या शिस्तीपुढे आपण नतमस्तक होतो. पण तिच्यातला एक धोका आपल्या लक्षात येत नाही. ही शिस्त पुष्कळदा दुसऱ्याच्या हातात असते. उठवतो प्रशिक्षक, जेवण ठरवते शिबिर, वर्ष आखते संघटना. मग तिशी-पस्तिशीत एके दिवशी हे सगळे थांबते. तोवर या खेळाडूने बँकेचा व्यवहार स्वतः पाहिलेला नसतो, शिक्षण अर्धवट सुटलेले असते आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांचा विचार कुणी त्याच्याकडून करून घेतलेला नसतो.

अमेरिकेचे जो लुईस १९३७ पासून सुमारे बारा वर्षे हेवीवेट जगज्जेते होते. महायुद्धाच्या काळात त्यांनी लढतींची कमाई सैन्याच्या मदतनिधीला दिली. तरीही करांची थकबाकी इतकी साचली, की निवृत्तीनंतर त्यांना पुन्हा रिंगमध्ये उतरावे लागले. १९५१ मध्ये रॉकी मार्सियानो यांनी त्यांना पाडले. पुढे ते लास वेगासच्या एका कॅसिनोत पाहुण्यांचे स्वागत करत असत.

आपल्याकडे कौर सिंग यांनी १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले, १९८० मध्ये ते मुहम्मद अली यांच्याशी प्रदर्शनी लढतही खेळले. या पद्मश्री खेळाडूवर उतारवयात हृदयाच्या उपचारांसाठी कर्ज काढण्याची वेळ आली. १९९८ च्या बँकॉक स्पर्धेचे सुवर्णविजेते डिंको सिंग यकृताच्या कर्करोगाशी झुंजत २०२१ मध्ये, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी गेले. आजार कुणाच्या हातात नसतो. उपचारांच्या पैशासाठी देशाच्या सुवर्णविजेत्याला वणवण करावी लागू नये, हे मात्र आपल्या हातात होते.

आता दुसरी बाजू पाहा. हवा सिंग यांनी १९६६ आणि १९७० अशी दोन आशियाई सुवर्णपदके मिळवली आणि निवृत्तीनंतर हरयाणातल्या भिवानीत मुले घडवायला घेतली. २००८ मध्ये बीजिंगला गेलेल्या पाच भारतीय मुष्टियोद्ध्यांपैकी चौघे त्या भिवानीतच घडलेले होते आणि त्यांतल्या विजेंदर सिंग यांनी मुष्टियुद्धातले देशाचे पहिले ऑलिंपिक पदक आणले. हे पाहायला हवा सिंग हयात नव्हते. अमेरिकेचे जॉर्ज फोरमन १९७७ मध्ये निवृत्त झाले, धर्मोपदेशक झाले, ह्यूस्टनमध्ये त्यांनी मुलांसाठी केंद्र उघडले. केंद्राला पैसा हवा म्हणून ते पुन्हा लढायला उभे राहिले आणि १९९४ मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी, जगज्जेते झाले. या दोघांची शिस्त घंटेवर अवलंबून राहिली नाही. पहाटे उठायला त्यांच्याजवळ स्वतःचे कारण होते.

हे कारण शोधायला खेळाडूला मदत करणे, हे तुमचे काम आहे. त्याची सुरुवात मूल बारा-तेरा वर्षांचे असतानाच करा. सरावाइतकीच त्याच्या दहावी-बारावीची चौकशी करा. आपल्या राज्यात शासकीय नोकऱ्यांमध्ये खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. प्रमाणपत्रांची पडताळणी वेळेत न झाल्याने कुणाची संधी हुकू देऊ नका. मिळालेल्या बक्षिसाचा हिशेब त्याला स्वतः लिहायला लावा. आणि डोके जपा. ठोशांनी मेंदूला होणाऱ्या इजेचे वर्णन डॉ. हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ मध्येच करून ठेवले आहे. लढती वर्षातून मोजक्या असतात, स्पॅरिंग मात्र आठवड्यागणिक चालते. डोक्याला मार बसलेल्या मुलाला डॉक्टरांनी तपासल्याखेरीज पुन्हा रिंगमध्ये पाठवू नका, मग स्पर्धा कितीही जवळ आलेली असो.

विद्यार्थी मित्रांनो, विद्यापीठाचे वेळापत्रकही आज संपते आहे. उद्यापासून तुमची हजेरी घेणारे कुणी नाही. स्वतःची शिस्त स्वतः घडवा, म्हणजे ती दुसऱ्याला देता येईल. तुमच्या हाताखालच्या मुलांनी पदके जिंकावीत ही माझी इच्छा आहेच. पण ती मुले साठाव्या वर्षी निरोगी, स्वावलंबी आणि मानाने जगत असतील, तरच तुमचे प्रशिक्षण यशस्वी झाले असे समजा.