अकरा महिने नाव नसलेला आजार
(युवा शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला ‘आरोग्य आणि वैज्ञानिक दृष्टी’ असा भारदस्त विषय दिलाय. मी डॉक्टर नाही. इंजिनियरिंग करून बारा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतोय. म्हणून घरातलीच गोष्ट सांगतो. बायकोला विचारून आलोय. तिची एकच अट आहे, मुलीचं नाव घ्यायचं नाही.

आम्ही लालबागचे. आजोबा चिपळूणकडून गिरणीत कामाला आले आणि इथलेच झाले. गिरण्या गेल्या, मसाल्याच्या गल्लीतला मिरचीचा खकाणा तेवढा राहिला. केईएम, वाडिया, टाटा ही सगळी रुग्णालयं आमच्या घरापासून पायी पंधरा-वीस मिनिटांवर. विदर्भ-मराठवाड्यातून माणसं रात्रभर प्रवास करून ज्या दारांशी येतात, फुटपाथवर झोपतात, ती दारं आम्हाला शेजारची. तरी आमच्या मुलीच्या आजाराचं नाव कळायला अकरा महिने लागले.

जन्माच्या तिसऱ्या दिवशी नर्सने तिच्या हातावरची चिकटपट्टी काढली, आणि पट्टीबरोबर कातडी निघून आली. नर्सही घाबरली. मग टाचांवर, कोपरांवर, काखेत पाण्याने भरलेले फोड यायला लागले. एक बरा होईपर्यंत दुसरा. जंतुसंसर्ग म्हणून औषधं झाली. एका ठिकाणी आम्हा नवरा-बायकोला रक्ताची एक तपासणी लिहून दिली. ती कशाची, हे मी फोनवर शोधलं, तर सिफिलिसची! नवजात बाळाच्या तळहात-तळपायांवर फोड असले की ती करावीच लागते, यात डॉक्टरांचं काही चुकलं नव्हतं. पण आम्हाला ते कुणी समजावून सांगितलं नाही. रिपोर्ट येईपर्यंतचे दोन दिवस आम्ही एकमेकांशी नीट बोललो नाही. रिपोर्ट निगेटिव्ह आला, तरी त्या दोन दिवसांचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

दुसऱ्या एका दवाखान्यात मला बाहेर बसवून बायकोला विचारलं, बाळाला कुणी चटका देतं का? घरी वेगळंच चाललं होतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, ग्रहणात बाहेर पडली असेल. आमच्याकडच्या बायका म्हणाल्या, नजर आहे. आईने कुठूनसा ताविज आणला आणि काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात बांधला. सकाळी उठून बघतो तर दोरा जिथे जिथे घासला होता तिथे गळ्याभोवती फोडांची माळ उठलेली. आईने स्वतःच्या हाताने दोरा कापला. ती दिवसभर जेवली नाही.

खरं सांगायचं तर निदानाचा पहिला पुरावा तो दोराच होता. आमच्या धंद्यात बग सापडत नसेल तर आधी विचारतात, तो नेमका काय केल्यावर येतो? आम्हाला सगळीकडे विचारलं गेलं, ‘कधीपासून आहे?’ ‘कशानंतर येतं?’ असं कुणी विचारलं नाही, आणि मलाही सुचलं नव्हतं. त्या रात्री मी एक्सेल उघडलं. तारीख, जागा, तिथे आधी काय लागलं होतं. दोन महिन्यांत चित्र स्पष्ट झालं. नॅपीचं इलॅस्टिक, उचलताना काखेत घातलेले आपले हात, चादरीवर घासणाऱ्या टाचा, बाटलीचं बूच लागून तोंडात आलेला फोड. ताप नाही, घरात दुसऱ्या कुणाला काही नाही. जिथे घर्षण, तिथे फोड.

तो तक्ता घेऊन आम्ही परळच्या एका ओपीडीत त्वचाविकाराच्या वरिष्ठ डॉक्टरांसमोर उभे राहिलो. मी लॅपटॉप काढायला लागलो, तर त्या म्हणाल्या, ‘बाहेर शंभर माणसं आहेत, एका पानावर आणलंय का?’ आणलं होतं. त्यांनी ते पूर्ण वाचलं आणि विचारलं, ‘लग्न नात्यातलं का?’

माझं डोकं सणकलं. नाव ऐकलं आणि विचारलं, असंच वाटलं. आपल्याला हे वाटायची सवय झालेली आहे, आणि ती उगीच झालेली नाही. पण आमच्या पुढच्या बाळाच्या आईबापालाही त्यांनी तोच प्रश्न विचारला. ते सोलापूरकडचे होते, आणि त्या बाईंनी मामाच्या मुलाशी लग्न केलेलं होतं. मीही तेच केलंय, माझी बायको माझ्या मामूंची मुलगी.

मग पेन्सिलीच्या खोडरबराने कातडी हलकेच घासून ताजा फोड आणला, आणि त्याच्या कडेचा कणभर तुकडा तपासायला घेतला. फट कातडीच्या नेमक्या कोणत्या थरात पडते, ते चमकणारे रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. नंतर रक्ताची जनुकीय तपासणी. नाव आलं, डिस्ट्रॉफिक एपिडर्मोलायसिस बुलोसा. कातडीचा वरचा थर खालच्या थराला बांधून ठेवणारे धागे असतात, ते सातव्या प्रकारच्या कोलॅजेनचे. ते बनवणाऱ्या जनुकात बिघाड. हे धागे नसले की कातडी खालच्या थरावर नुसती ठेवल्यासारखी असते.

प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. या प्रकारात एक बिघडली तरी दुसरी काम चालवते. माझ्यात एक बिघडलेली आहे, बायकोत एक, आणि आम्हा दोघांना कधी साधा फोडही आला नाही. दोघांकडून बिघडलेलीच प्रत मुलाला जाण्याची शक्यता प्रत्येक बाळंतपणात चारात एक. आमचा बिघाड एकच आहे, नाना-नानींपैकी एकाकडून आलेला. बॅकअप म्हणून ज्या फाइलवर भिसार होती, ती त्याच फाइलची नक्कल निघाली.

घाबरवायचं नाहीये. सख्ख्या भावंडांच्या मुलांनी लग्न केलं तर बहुतेक मुलं निरोगीच होतात. ब्रॅडफर्डला हजारो बाळांचा अभ्यास झाला, तो 2013 साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. जन्मजात दोषांचं प्रमाण साधारण 3 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर जातं, असं त्यात दिसलं. शंभरातली चौऱ्याण्णव ठीक. पण पिढ्यान् पिढ्या त्याच घरांत सोयरिकी झाल्या तर हिशेब बदलतो. माझे एक नातेवाईक म्हणाले, शरियत मना करत नाही. नाहीच करत. जायज आहे, फर्ज नाही, एवढंच मी त्यांना म्हटलं.

नाव कळून काय झालं? बरं करणारं औषध आमच्या हातात आलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून आम्ही तिला काखेत हात घालून उचलणं बंद केलं. आता पाठीखाली आणि बुडाखाली हात घालतो, खाली मऊ कापड ठेवून. अंगावरचे कपडे उलटे घालतो, शिवण बाहेर. फोड निर्जंतुक सुईने खालच्या कडेला टोचून पाणी काढायचं, वरची कातडी तशीच ठेवायची, न चिकटणारी पट्टी लावायची. चिकटपट्टी घरातूनच हद्दपार. आणि बायकोने खाल्लेलं, पाहिलेलं, केलेलं काही कारणीभूत नव्हतं, हे कागदावर लिहून आलं. तो कागद मी आईला मराठीत वाचून दाखवला, दोनदा.

जगात काम चालू आहे. याच आजाराच्या दुसऱ्या प्रकारातला, सीरियातून जर्मनीत आलेला एक सात वर्षांचा मुलगा होता. 2015 मध्ये जवळजवळ 80 टक्के अंगाला त्याच्याच पेशींपासून, जनुक दुरुस्त करून वाढवलेली कातडी लावून त्याला वाचवलं. आमच्या मुलीच्या प्रकारासाठी जखमेवर लावायच्या एका जनुकीय जेलला अमेरिकेत मे 2023 मध्ये परवानगी मिळाली. त्याची किंमत वाचून मी लॅपटॉप बंद केला होता. आणि आपल्या देशात 2021 च्या दुर्मीळ आजार धोरणात सुरुवातीला जी आठ उत्कृष्टता केंद्रं ठरली, त्यांत आपलं केईएम आहे. हे मला कळलं तेव्हा मी रोज त्याच फाटकासमोरून ऑफिसला जात होतो.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी आज इथे यायला तयार झालो. माझ्या धाकट्या भावाची सोयरीक खालाच्या मुलीशी ठरलीय. दोघं लहानपणापासून एकमेकांना ओळखतात, पसंतीही आहे. मी म्हटलं, दोघांनी आधी रक्त तपासून घ्या. कोणता बिघाड शोधायचा ते आता माहीत आहे, तेवढाच बघायचाय. खालू उठून उभे राहिले. ‘माझ्या मुलीत खोट काढता?’ खाला रडायला लागली. भावाने आधी स्वतःचं रक्त दिलं. रिपोर्ट आला, तोही वाहक आहे.

तीन आठवडे त्या घरातून फोन नव्हता. मग एका संध्याकाळी ती मुलगी एकटीच लालबागला आली. आमच्या मुलीला कसं उचलायचं ते बायकोकडून शिकून तिने तिला मांडीवर घेतलं, आणि मला म्हणाली, ‘भाई, कुठे जायचं सांगा.’ सोमवारी तिने नमुना दिलाय. रिपोर्ट यायला चार आठवडे तरी लागतील. खालू अजून माझ्याशी बोलत नाहीत.