खेळणाऱ्या मुलींचे पाय

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानावरून)



आपल्या सातारा-सांगलीकडच्या मुली आता मैदानावर नाव काढू लागल्या आहेत. माण तालुक्यातील मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. या शर्यतीत २८ अडथळे आणि पाण्यावरच्या ७ उड्या असतात. दर उडीनंतर साऱ्या अंगाचा भार एका पावलावर येतो. त्या पावलात २६ हाडे असतात. एवढ्या नाजूक जुळणीची आपण किती काळजी घेतो?

कबड्डीत, खो-खोत मुलगी झटकन वळते, पाऊल आत मुडपते आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे बंध ताणले जातात किंवा तुटतात. यालाच आपण पाय मुरगळला म्हणतो. लगेच घरात धांदल उडते. कोणी तेल लावून चोळते, कोणी गरम विटेने शेकते, कोणी पाय ओढून ‘बसवून’ देते. भगिनींनो, पहिले दोन-तीन दिवस यांतले काहीही करू नये. चोळण्याने आणि शेकण्याने सूज वाढते, आणि हाड मोडले असेल तर ओढाओढीने ते सरकते. खेळ तिथेच थांबवावा. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे ठेवावा, पट्टी बांधावी. मात्र बोटे निळी किंवा बधिर होतील इतकी घट्ट नको. पाय उशीवर उंच ठेवावा.

डॉक्टरांकडे केव्हा न्यावे? चार पावलेही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडावर, पावलाच्या बाहेरच्या कडेला अथवा आतल्या बाजूस मध्यावर बोट दाबताच कळ येत असेल, तर एक्स-रे काढावाच. वाढत्या वयाच्या मुलीला अधिक जपावे. तिच्या हाडांची टोके अजून कोवळी असतात.

सूज उतरली म्हणजे पाय बरा झाला असे नव्हे. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळतो, कारण तोल सांभाळण्याची त्याची सवय मोडलेली असते. ती परत आणण्यास खर्च नाही. भिंतीजवळ एका पायावर उभे राहावे, टाचा उचलाव्या, आणि उड्या मारताना दुखेनासे झाल्यावरच मैदानावर जावे.

सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधनाच्या पायाच्या बोटाचे हाड २०१९ च्या ऑक्टोबरात सरावात चेंडू लागून मोडले. दक्षिण आफ्रिकेविरुद्धची एकदिवसीय मालिका तिला सोडावी लागली. पुढच्याच महिन्यात वेस्ट इंडीजमध्ये तिने ७४ धावा केल्या. मालिका बुडाली, खेळ बुडाला नाही.

आता आपण बायकांत क्वचित बोलतो ते सांगते. काही मुलींच्या पायाला मार लागलेला नसतो, तरी धावताना एकाच जागी दुखत राहते. फार धावण्याने हाडाला बारीक चीर जाते. सराव पुष्कळ आणि पोटात अन्न थोडे, अशा मुलीची पाळी लांबते किंवा बंद होते आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात. ‘खेळते म्हणून पाळी येत नाही, बरेच झाले’ असे समजू नका. ती धोक्याची खूण आहे. तिला डॉक्टरांना दाखवा. भाकरी, डाळ, दूध, शेंगदाणे, अंडी यांत मुलाला एक आणि मुलीला एक अशी वाटणी करू नका. झिजलेले बूट वेळीच बदला.

संघातून नाव जाईल या भीतीने मुली दुखणे लपवतात. ‘दुखते’ असे तिने म्हणताच आपण ‘मग खेळ बंद’ असे म्हटले, तर पुन्हा ती आपल्याला काही सांगणार नाही. म्हणून आधी ऐकून घ्यावे, मग उपाय करावा.