औषध व्यवसाय : व्याप्ती, परिभाषा आणि जबाबदारी

(अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



रुग्णाच्या उपचाराचे चार आधार चरकसंहितेत सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि स्वतः रुग्ण. यांपैकी एक जरी उणा पडला तरी उपचार सफल होत नाही. त्या काळी वैद्यच वनस्पती ओळखीत असे, खलात औषध घोटीत असे आणि पुडी बांधून रुग्णाच्या हाती देत असे. पुढे औषधांची संख्या व त्यांची तीव्रता वाढत गेली, तसतशी रोगाचे निदान आणि औषधाची सिद्धता ही दोन कामे निरनिराळ्या व्यक्तींकडे गेली. युरोपात तेराव्या शतकातच सम्राट दुसरा फ्रेडरिक याने वैद्य आणि औषधी सिद्ध करणारा यांचे व्यवसाय कायद्याने विभक्त केले होते. लिहून देणारा एक आणि ते तपासून देणारा दुसरा असावा, म्हणजे एकाच्या हातून झालेली चूक दुसऱ्याच्या नजरेस येईल, हे या विभागणीतील मुख्य तत्त्व होय. औषध व्यवसायाचा सारा डोलारा या तत्त्वावर उभा आहे.

कायद्याची पार्श्वभूमी

आपल्या देशात या व्यवसायाला शिस्त उशिरा लागली. विसाव्या शतकाच्या आरंभी भेसळयुक्त व निःसत्त्व औषधांचा सुळसुळाट झाला होता. त्याची चौकशी करण्यासाठी १९३० मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली व पुढील वर्षी तिने आपला अहवाल सादर केला. १९३२ मध्ये बनारस हिंदू विश्वविद्यालयात महादेव लाल श्रॉफ यांच्या प्रयत्नाने या विषयाच्या विद्यापीठीय शिक्षणाचा पाया घातला गेला. औषधांच्या गुणवत्तेसाठी १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि त्याखालील १९४५ चे नियम आले. औषध देणाऱ्या व्यक्तीच्या पात्रतेसाठी १९४८ चा फार्मसी कायदा झाला. पहिला कायदा वस्तूवर नियंत्रण ठेवतो, तर दुसरा माणसावर. भारतीय औषधसंहितेची पहिली आवृत्ती १९५५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि औषधाची शुद्धता कोणत्या कसोटीवर पारखावयाची, हे निश्चित झाले.

काही मूलभूत संज्ञा

या व्यवसायातील काही शब्द नित्य कानांवर पडतात. परंतु त्यांचे नेमके अर्थ ध्यानी घेतले जात नाहीत.

नोंदणीकृत फार्मासिस्ट म्हणजे औषधनिर्माणशास्त्राची मान्यताप्राप्त पदविका अथवा पदवी घेतलेली व राज्याच्या फार्मसी कौन्सिलच्या नोंदवहीत नाव असलेली व्यक्ती. पदविकेचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असून त्यानंतर ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण घ्यावे लागते. पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा आहे. वैद्यकीय व्यावसायिकाच्या चिठ्ठीवर औषध सिद्ध करण्याचा, मिसळण्याचा व देण्याचा अधिकार १९४८ च्या कायद्याच्या कलम ४२ अन्वये अशाच व्यक्तीला आहे. दुकानाचा मालक कोणीही असू शकतो. मात्र मालकी हा औषध देण्याचा अधिकार नव्हे.

दुकानाच्या पाटीवरील शब्दांनाही कायदेशीर अर्थ आहे. जेथे फार्मासिस्ट असून चिठ्ठीप्रमाणे औषध तयार करण्याची सोयही आहे, तेथेच ‘फार्मसी’ हा शब्द लावता येतो. फार्मासिस्ट आहे, परंतु औषध तयार करण्याची सोय नाही, अशा ठिकाणी ‘केमिस्ट्स अँड ड्रगिस्ट्स’ अशी पाटी असते. ज्यांना फार्मासिस्टच्या सेवेची आवश्यकता नाही अशा मर्यादित परवान्याच्या दुकानाला ‘ड्रगस्टोअर’ म्हणतात.

डॉक्टरांची चिठ्ठी हा एक दस्तऐवज आहे. ती लेखी असावी, तिच्यावर डॉक्टरांची सही व तारीख असावी, रुग्णाचे नाव व पत्ता असावा, तसेच औषधाचे एकूण परिमाण व मात्रा नमूद असावी. डॉक्टरांनी तसे लिहिले नसेल तर अनुसूचीत औषधांची एकच चिठ्ठी पुनःपुन्हा वापरता येत नाही.

अनुसूची म्हणजे औषधांची वर्गवारी. ‘एच’ अनुसूचीतील औषधे चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत. काही प्रभावी प्रतिजैविके, क्षयरोगावरील औषधे व सवय लावणारी औषधे यांच्यासाठी ‘एच-१’ ही अनुसूची १ मार्च २०१४ पासून अमलात आली. तीतील प्रत्येक विक्रीची स्वतंत्र नोंदवहीत नोंद करून ती वही तीन वर्षे जपून ठेवावी लागते. ‘एक्स’ अनुसूचीतील औषधांसाठी चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात व त्यांतील एक दुकानात राहते.

जेनेरिक नाव म्हणजे औषधातील मूळ द्रव्याचे नाव आणि व्यापारी नाव म्हणजे कंपनीने दिलेले नाव. हा भेद केवळ किमतीपुरता नाही. पॅरासिटामॉल हे एकच द्रव्य निरनिराळ्या व्यापारी नावांनी मिळते. तापासाठी एक आणि सर्दीसाठी दुसरी गोळी घेणारा रुग्ण नकळत दुप्पट मात्रा घेतो आणि त्यामुळे यकृताला अपाय होऊ शकतो. मात्र चिठ्ठीवरील अनुसूचीत औषधाऐवजी आपल्या मर्जीने दुसरे औषध देण्याची मुभा नियमांनी विक्रेत्याला दिलेली नाही. शंका आल्यास डॉक्टरांना विचारणे हाच त्याचा धर्म होय.

फार्मासिस्टची कामे

फार्मासिस्ट म्हणजे कपाटातून खोका काढून देणारा मनुष्य, अशी सामान्य समजूत आहे. ती अपुरी आहे. कारखान्यात औषधाची निर्मिती व गुणनियंत्रण, प्रयोगशाळेत पृथक्करण, औषध निरीक्षक म्हणून तपासणी, रुग्णालयात साठ्याची व्यवस्था व वितरण, महाविद्यालयात अध्यापन आणि दुकानात प्रत्यक्ष रुग्णसेवा, इतकी या व्यवसायाची व्याप्ती आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातील औषध निर्माण अधिकारी हा तर साठा, शीतसाखळी, मुदत आणि वितरण या साऱ्यांचा भार एकट्याने वाहत असतो. ज्या औषधाची मुदत आधी संपते ते आधी द्यावयाचे, हा त्याच्या भांडारातील पहिला नियम.

फार्मसी व्यवसाय विनियम, २०१५ यांनी या कामांना स्पष्ट रूप दिले. चिठ्ठी तपासणे, औषधाचे नाव, मात्रा, साठवण, संभाव्य दुष्परिणाम व इतर औषधांशी होणारी प्रक्रिया यांविषयी रुग्णाला समजावून सांगणे हे आता फार्मासिस्टचे कर्तव्य आहे. कामावर असताना त्याने पांढरा कोट व नाव आणि नोंदणी क्रमांक असलेला बिल्ला धारण करावयाचा असतो.

हे समजावून सांगणे किती मोलाचे आहे, हे थोड्या उदाहरणांवरून कळून येईल. क्षारसंजीवनीची मोठी पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यात मिसळावयाची असते. तीच पेलाभर पाण्यात कालवली तर अतिसाराने गळून गेलेल्या बालकाला क्षार प्रमाणाबाहेर जातात. संधिवातासाठी दिली जाणारी मेथोट्रेक्झेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते. ती रोज घेतली गेल्यास प्राणांवर बेतते. इन्शुलिनच्या कुप्या ४० व १०० एकक अशा दोन तीव्रतांच्या मिळतात आणि सिरिंज त्या त्या तीव्रतेचीच लागते. न उघडलेली कुपी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावयाची असते, मात्र ती गोठू देता कामा नये. यांतील एकही गोष्ट अक्षरओळख नसलेल्या रुग्णाला वेष्टनावरून कळण्यासारखी नाही. ती कोणीतरी सांगावीच लागते आणि ती सांगण्यासाठी कायद्याने एक माणूस नेमून दिला आहे.

एक विसरता न येणारा धडा

१९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिल्यानंतर १४ रुग्ण मृत्युमुखी पडले. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंड निकामी करणारे विषारी द्रव्य होते. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने या प्रकरणाची चौकशी केली आणि खरेदीपासून तपासणीपर्यंतच्या साखळीतील दोष उघड केले. हेच द्रव्य १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइडच्या द्रवऔषधातून शंभराहून अधिक लोकांच्या मृत्यूस कारण झाले होते. विज्ञानाला ज्ञात असलेले विष जवळजवळ अर्धशतकानंतर पुन्हा रुग्णापर्यंत पोहोचले. ज्ञान पुरेसे होते. अभाव होता तो ठिकठिकाणी थांबून पाहणाऱ्या डोळ्यांचा. उत्पादक, खरेदी अधिकारी, प्रयोगशाळा, भांडारपाल आणि वितरक यांपैकी प्रत्येकाने ‘आधीच्याने पाहिले असेल’ असे म्हटले, तर कोणीच पाहिलेले नसते.

या पार्श्वभूमीवर ग्रामीण भागातील एक प्रघात विशेष चिंताजनक ठरतो. भिंतीवर प्रमाणपत्र फार्मासिस्टचे आणि औषध देणारा मात्र भलताच, हा तो प्रघात. प्रमाणपत्र जणू भाड्याने दिलेले असते. कागदोपत्री सर्व नियम पाळलेले दिसतात. परंतु चूक पकडणारा दुसरा डोळा त्या दुकानात नसतो. चिठ्ठीवाचून दोन-तीन दिवसांची प्रतिजैविके देणे हे त्याचेच पुढचे पाऊल. अर्धवट उपचाराने रोग दबतो, जंतू निर्ढावतात आणि पुढे तेच औषध साऱ्या गावाला लागू पडेनासे होते.

पंचायत, शाळा आणि प्रशासन

याबाबत गावपातळीवर पुष्कळ करता येण्यासारखे आहे. लहान गावांची अडचण नियमांनीही ओळखली आहे. एक हजारापर्यंत लोकसंख्येच्या गावात अॅस्पिरिन, पॅरासिटामॉलच्या गोळ्या, वेदनाशामक बाम यांसारखी काही घरगुती औषधे मूळ बंद वेष्टनात परवान्याशिवाय विकण्याची सवलत आहे. मात्र किराणा दुकानात प्रतिजैविके किंवा झोपेच्या गोळ्या विकणे या सवलतीत बसत नाही, हा फरक पंचायत सदस्यांना ठाऊक असावयास हवा. गावातील औषध दुकानात फार्मासिस्ट प्रत्यक्ष हजर असतो किंवा नाही, याची विचारपूस ग्रामसभेत व्हावी आणि गैरप्रकार आढळल्यास अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करावी. आरोग्य केंद्रातील औषध निर्माण अधिकाऱ्याचे पद रिक्त असेल तर त्याचा पाठपुरावा इमारतीच्या रंगरंगोटीइतक्याच आस्थेने व्हावा.

शिक्षकांनी वरच्या वर्गांतील मुलांना वेष्टन वाचावयास शिकवावे. औषधाचे नाव, उत्पादनाची व मुदत संपण्याची तारीख, घाण क्रमांक नव्हे तर गट क्रमांक कोणता, किंमत कोठे छापली आहे, लाल रेघेचा अर्थ काय, एवढे पाच मिनिटांत शिकवता येते. बिल मागण्याची सवयही लावावी. सदोष औषध आढळल्यास त्याचा गट क्रमांक व बिल यांवरूनच माग काढता येतो. पुष्कळ घरांत आजीच्या गोळ्यांची पट्टी वाचणारे तिचे नातवंडच असते, हे ध्यानात घेतले म्हणजे या पाठाचे मोल कळेल.

अधिकाऱ्यांच्या दृष्टीने तपासणी म्हणजे केवळ नोंदवह्यांची तपासणी नव्हे. फार्मासिस्ट रुग्णाशी बोलतो काय, हेही पाहिले गेले पाहिजे. त्यासाठी त्याला वेळ व मान दोन्ही मिळावयास हवेत. शंभर रुग्णांची रांग उभी असताना प्रत्येकाला समजावून सांगण्याची अपेक्षा धरणे, पण मदतनीस मात्र न देणे, हा न्याय नव्हे.

औषध आणि विष यांतील अंतर अनेकदा केवळ मात्रेचे असते. ते अंतर राखण्याचे काम समाजाने ज्यांच्यावर सोपविले आहे त्यांना ओळखणे, त्यांना बळ देणे आणि प्रसंगी त्यांना जाब विचारणे हे सर्वांचेच कर्तव्य आहे. गावातील रुग्णाला औषध देताना कोणीतरी जाणकाराने दोन शब्द समजावून सांगितले, तर अनेक दशके जुन्या या कायद्यांचा हेतू त्या क्षणी त्या गावात सफल झाला, असे म्हणता येईल.