साने गुरुजींची गाणी



गीतकार म्हटला की नाटक मंडळी, ऑर्गन, तबकड्या असा सारा सरंजाम डोळ्यांपुढे उभा राहतो. आज आम्ही ज्या गीतकाराविषयी बोलणार आहोत, त्याच्यापाशी यांतले काहीच नव्हते. अमळनेरच्या छात्रालयाचे अंगण, धुळ्याच्या तुरुंगातली बराक आणि पहाटेची प्रभातफेरी हेच त्याचे रंगमंदिर. साने गुरुजींना आपण ‘श्यामची आई’चे लेखक म्हणून ओळखतो. त्या एका पुस्तकाची सावली त्यांच्या गाण्यांवर इतकी दाट पडली की गुरुजींनी गाणीही रचली, हे पुष्कळांना मुद्दाम सांगावे लागते.

गुरुजी मूळचे कोकणातले, पालगडचे. जन्म २४ डिसेंबर १८९९ चा. परंतु १९२४ साली प्रताप हायस्कुलात शिक्षक म्हणून ते अमळनेरला आले आणि खानदेशचेच होऊन गेले. १९३० साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात पडले. आधी धुळ्याचा तुरुंग, मग थेट त्रिचनापल्लीचा. तिथे स्वस्थ न बसता ते तमिळ शिकले आणि ‘कुरल’ मराठीत आणले. १९३२ साली पुन्हा धुळ्याला आले, ते विनोबांच्या संगतीत. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी विनोबा गीतेवर बोलत आणि गुरुजी ते उतरून घेत. अशी अठरा प्रवचने आज आपल्या हाती आहेत, ती त्या लेखणीमुळे. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण गुरुजींच्या गाण्याचे मर्म त्यांच्या कानात आहे. बोललेला शब्द दुसऱ्याच्या मनात कसा उतरतो, हे त्या माणसाने रविवारमागून रविवार बसून ऐकले होते.

त्यांच्या कवितासंग्रहाचे नाव ‘पत्री’. पूजेला फूल नसले तर पत्री वाहावी, असा त्या नावातला नम्रपणा. खरे सांगायचे तर ‘पत्री’त सगळेच उत्तम नाही. पुष्कळ ठिकाणी अश्रू फार वाहतात आणि प्रतिमा जुन्याच राहतात. बालकवी याच खानदेशातले, धरणगावचे. त्यांच्या शब्दांचा लोभसपणा गुरुजींत शोधू जाल तर निराश व्हाल. परंतु तो शोधावा कशाला? ‘बलसागर भारत होवो’ हे एकट्याने आरामखुर्चीत वाचायचे काव्यच नव्हे. ते शंभर जणांनी चालता चालता म्हणायचे आहे. शब्द छोटे, क्रियापद इच्छेचे, ध्रुपद पहिल्याच ऐकण्यात तोंडात बसणारे. ज्याला लिहिता वाचता येत नाही, तोही दुसऱ्या कडव्यापासून सामील होतो. सरकारला त्याची धास्ती वाटली आणि प्रती जप्त झाल्या. आता प्रत जप्त करता येते, पाठ झालेले गाणे कुठून जप्त करणार!

याच वर्षांत जळगावात एक शेतकरीण जात्यावर बसून गात होती. बहिणाबाईंचे गाणे त्यांच्या हयातीत घराशेताबाहेर फारसे गेले नाही. ३ डिसेंबर १९५१ ला त्या गेल्या आणि १९५२ साली पुस्तक निघाले, तेव्हा महाराष्ट्र चकित झाला. भाषा खानदेशच्या मातीची, अनुभव स्वतःचा. गुरुजींचे उलट. भाषा शाळेची, सर्वांची, आणि म्हणूनच सवंग होण्याचा धोका पदोपदी. तरीही ते गाणे छापखान्याच्या पुढे धावले. दोघांत थोर कोण, हा वाद आम्ही घालणार नाही. कवी म्हणून बहिणाबाई थोर, हे आम्ही एका वाक्यात कबूल करतो. परंतु मोर्चाला निघायचे असेल तर गाणे गुरुजींचेच लागते.

डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले. त्यासाठी गुरुजी गावोगाव हिंडले. १९३८ साली त्यांनी अमळनेरहून ‘काँग्रेस’ साप्ताहिक काढले. या सुमारास त्यांचे मन शेतकरी आणि गिरणी कामगार यांच्याकडे अधिकाधिक ओढले गेले. ‘आता उठवू सारे रान’ या गाण्यात तो स्वर आहे. ‘पत्री’तला हळवा कवी येथे दमदार पावले टाकतो आणि आम्हांला तरी तो अधिक भावतो.

राहिली ती ‘खरा तो एकचि धर्म’ ही प्रार्थना. ती आपण सर्वांनी शाळेच्या पटांगणात हात जोडून म्हटली आहे, बहुधा लक्ष दुसरीकडे ठेवून. प्रत्येक कडव्यात कोणी पडलेला, कोणी एकटा, कोणी दुबळा समोर येतो आणि गाणे पुन्हा त्याच एका शब्दापाशी परतते. ऐकायला किती सोपे! पण ते अंगावर घ्यायचे म्हटले की काय होते, ते पंढरपुरात दिसले. पांडुरंगाच्या दारातून हरिजनांना बाहेर ठेवले जात होते. गुरुजींनी त्यासाठी आधी महाराष्ट्रभर दौरा केला, सभा घेतल्या. दार उघडेना, तेव्हा १ मे १९४७ रोजी ते तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. गांधीजींनीही आरंभी त्यांना परावृत्त करण्याचा यत्न केला होता. गुरुजी ढळले नाहीत. दहा मेला, मंदिर खुले करण्याचे मान्य झाल्यावर, त्यांनी उपोषण सोडले.