एकशे सदतीस



अशा सभेच्या अध्यक्षाने भविष्याबद्दल बोलावं असा प्रघात आहे. मी १३७ या आकड्याबद्दल बोलणार आहे. मागच्या रांगांत हसू फुटलंच. रात्री दोनला फोनवर हा आकडा पाहिलेले इथे बरेच दिसताहेत.

कंटेनर बंद पडला आणि एक्झिट कोड १३७ ठेवून गेला. १२८ अधिक ९, आणि नववा सिग्नल म्हणजे सिगकिल. प्रोसेस मारली गेली एवढं कळलं, कोणी मारली ते नाही. बहुतेक जण 'मेमरी संपली' म्हणतात, लिमिट दुप्पट करतात, रिस्टार्ट मारतात आणि झोपतात. पण साधं 'डॉकर स्टॉप' दिलं तरी हाच आकडा येऊ शकतो. डॉकर आधी सिगटर्म पाठवतो, दहा सेकंद वाट पाहतो, मग सिगकिल. आतली पहिली प्रोसेस, म्हणजे पीआयडी १, शेल स्क्रिप्ट असेल तर ती सिगटर्म खाली ॲपपर्यंत पोचवत नाही. आणि तिने स्वतः हँडलर लावला नसेल तर कर्नल तिच्यावर त्या सिग्नलची मात्रा चालू देत नाही. लिमिट दुप्पट झालेली, मेमरी भरपूर, तरी पुढच्या डिप्लॉयला पुन्हा १३७! उपाय काय, तर स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीच्या सुरुवातीला 'एक्झेक' हा एक शब्द. उलटही घडतं. मेमरी खरोखर संपते, कर्नल एखादी वर्कर प्रोसेस मारतो, पीआयडी १ जिवंत, डॅशबोर्ड हिरवागार. त्या वेळी प्रोसेसच्या गटाला मेमरीची मर्यादा घालणाऱ्या सीग्रुपच्या 'मेमरी.इव्हेंट्स' फाइलमधला ओओएम-किलचा आकडा वाढलेला असतो. ती फाइल उघडतो कोण?

मुळात कर्नलला कंटेनर नावाची वस्तू ठाऊकच नाही. त्याला प्रोसेस ठाऊक, नेमस्पेस ठाऊक, सीग्रुप ठाऊक. बाहेर दिसणाऱ्या, सिंगापूरच्या आंग मो किओ भागातल्या एचडीबीच्या सरकारी इमारतींत दार प्रत्येकाचं वेगळं, गच्चीवरची टाकी एक, तसंच हे. गूगलच्या पॉल मेनाज आणि रोहित सेठ यांनी २००६ मध्ये सुरू केलेलं सीग्रुपचं काम २००८ मध्ये कर्नल २.६.२४ मधून बाहेर आलं. आपण ज्या मेमरी लिमिटला रोज शिव्या घालतो, तिचा कंट्रोलर पुढच्याच आवृत्तीत आला आणि तो मुख्यतः भारतातल्या आयबीएममधल्या बलबीर सिंग यांनी लिहिला. डॉकर त्यानंतर पाच वर्षांनी.

दार वेगळं असलं तरी 'फ्री' ही कमांड आत बसून अख्ख्या होस्टची मेमरी दाखवते. जुनी जावा तेच खरं मानून हीप ठरवायची आणि मार खायची. २०१८ मध्ये जावा १० पासून ती सीग्रुप पाहू लागली. एलएक्ससी कंटेनर वापरणाऱ्यांना होस्टऐवजी कंटेनरची मेमरी दाखवायचं काम एलएक्ससीएफएस करतं. परवानग्यांचंही तसंच. अनप्रिव्हिलेज्ड कंटेनरमधला रूट होस्टवर बहुधा १००००० क्रमांकाचा साधा यूजर असतो, म्हणून माउंट केलेलं फोल्डर आत 'नोबडी'चं दिसतं. खरं काम मॅपिंग तपासायचं. आपण मात्र कंटेनर प्रिव्हिलेज्ड करून मोकळे होतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये कंटेनर सुरू करणाऱ्या रनसीतला दोष जाहीर झाला: कंटेनरमधल्या रूटला होस्टवरची रनसीची फाइलच बदलता येत होती. यूजर नेमस्पेस नीट लावलेले त्यातून वाचले.

इथले बरेच जण बँकांच्या यंत्रणा सांभाळतात. मॉनिटरी अथॉरिटी ऑफ सिंगापूरचे १ जुलै २०१४ पासून लागू झालेले नियम त्यांना पाठ असतील. महत्त्वाची यंत्रणा बारा महिन्यांत अचानक बंद राहण्याची मर्यादा चार तास, घटना लक्षात आल्यापासून एका तासात कळवायचं, आणि चौदा दिवसांत मूळ कारणाचा अहवाल. चार तासांच्या धाकाने आपण रिस्टार्ट मारतो, आणि त्यानेच चौदा दिवसांच्या अहवालाचा पुरावा पुसतो. कुबर्नेटीसमध्ये 'लॉग्ज --प्रीव्हिअस' फक्त लगेच आधीच्या कंटेनरचे लॉग देतं. सहा वेळा रिस्टार्ट झाला तर पहिला, खरा मृत्यू गेला. पॉड डिलीट केला तर तेही नाही. डीमेसेज, मेमरी.इव्हेंट्स आणि लॉग बाजूला काढून ठेवायला दोन मिनिटं लागतात. चार तासांतली ही दोन मिनिटं रनबुकमध्ये रिस्टार्टच्या वरच्या ओळीत लिहिलेली असावीत, असा माझा आग्रह आहे. रात्री दोनला शहाणपण सुचत नाही, लिहिलेलं तेवढं पाळलं जातं.

दुपारच्या सत्रात काही जण आपापले किस्से सांगणार आहेत. किस्सा 'रिस्टार्ट केला आणि चाललं' असा संपला, तर पहिला प्रश्न अध्यक्ष विचारतील. फाइली सोबत आणा.